येलदरीच्या माळावरची रेघ

३ नोव्हेंबर
आले एकदाची! जिंतूरहून एसटीनं येलदरी, तिथून मुंजाजींच्या मोटारसायकलवर माळावर. मुंजाजी इथले राखणदार. केंद्र म्हणजे कुंपणातल्या दोन खोल्या. एकीत मी, दुसरीत पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारं यंत्र. सूर्यावर वादळ उठलं की पडद्यावरची रेघ हलते, ती मी बघायची. यंत्राच्या खोलीला लोखंडाचा एक खिळा नाही, सगळं लाकूड आणि तांबं. मुंजाजींनी किल्ल्या, घड्याळ, केसांतल्या पिना, सगळं बाहेरच्या टोपल्यात काढायला लावलं. म्हणाले, आत लोखंड नेलं की यंत्र ते धरून ठेवतं. नव्या सुनेची सासूसुद्धा इतकी झडती घेत नसेल! त्यांच्या घरून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आली, पोट भरलं तरी खात राहिले.

५ नोव्हेंबर
रेघ उडाली की छातीत धस्स होतं. सौर वादळाचा हृदयावर परिणाम होतो का, यावर संशोधन चालू आहे, पक्कं अजून कुणालाच ठाऊक नाही. त्यांना फुकटचा नमुना मिळाला म्हणायचा.

६ नोव्हेंबर
सूर्य शांत आहे. बाकी केंद्रांवर रेघ सरळ, इथलीच उड्या मारतेय. नाडी धरून बघितली. आधी रेघ उडते, मग ठोका पडतो. अंघोळ करताना छातीवरच्या व्रणावर हात थांबला. लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा छातीचं हाड पोलादी तारेनं शिवलं होतं. पिना काढल्या आणि ही तार विसरले. भीती वाटतेय.

७ नोव्हेंबर
मुंजाजींना सांगितलं. आधीच्या साहेबांच्या पायात अपघातानंतरची सळई होती म्हणे. कुंपणाबाहेर गेलं की तो पाय मेल्यासारखा पडायचा, आत आलं की चालायचा.
"शेवटी पाय तोडून गेले ते. तुमी काय तोडून जाताल, ताई?"

८ नोव्हेंबर
फाटकाबाहेर पाय टाकला — छातीत काहीच नाही. सरपटत परत आले. मुंजाजी डॉक्टर आणायला जिंतूरला गेले. इकडे वीज गेली, बॅटरी लागेपर्यंत रेघ तुटली आणि मी कोसळले. रेघ परत आली, तेव्हा मीही. म्हणजे यंत्र चालू आहे तोवरच मी.
डॉक्टरांचा निरोप आला, पेशंटला इकडे घेऊन या.

९ नोव्हेंबर, सकाळ
सूर्यावर काल मोठा स्फोट झाला. त्याचं वादळ आज दुपारी पोचेल असा इशारा. आईला फोन लावला — नुसती रडले.

दुपार
आलं. रेघ पडद्याबाहेर जातेय. ठोके मोजता येत नाहीत —
मुंजाजी दारात. डोळे पुसतायत.
"घाबरू नका ताई. मी बंद करायलोय ते मशीन. सुटताल तुमी."
काल वीज गेल्यावर काय झालं ते त्यांना सांगायचं राहिलं. ओरडायला दम नाही. ते तिकडे निघाले — तारा उपटायला — कुणीतरी सांगा त्यांना, रेघ थांबली तर मी