एकशे पाचची लेन्स

३ ऑक्टोबर

प्रिय आयली,

"बरं झालं, त्याचा चेहरा नीट आला नाही." आपल्या फिनलंडी लोकांच्या फिनिश हॉलच्या स्वयंपाकघरात, हातात कॉफीची किटली धरून तू हे म्हणाली होतीस. त्याला बावीस वर्षं झाली. बोटीवरच्या पाचही जणांच्या शोकसभेसाठी मी छापलेला फोटो बाहेर टांगला होता. चौघे स्वच्छ आलेत आणि उजव्या कोपऱ्यात तुझा टाउनो तेवढा फिका, धुरकट झालाय, म्हणून मी तुझी माफी मागायला आत आले होते. तू कप भरत राहिलीस. मला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतं. आज तसं वाटत नाही, म्हणून लिहायला बसले.

इकडचं सगळं ठीक. सफरचंदं यंदा किडकी निघाली. समुद्राएवढ्या आपल्या तळ्यावरून वारा सुटायला लागलाय, म्हणजे तुला फिनिक्सच्या उन्हात बसून माझी कीव करायला हरकत नाही. हॉलला नवं छप्पर घातलं आणि आता समितीच्या हाकालाबाईंना समोरच्या भिंतीवर तो फोटो हवाय, पाच फूट बाय चार फूट, चौदा नोव्हेंबरच्या आत. हे तुला मागच्या महिन्यातल्या एका रविवारी फोनवर सांगितलंच. तू म्हणालीस, "मग छाप की जुन्यासारखाच. लोकांना तोच बघायची सवय आहे." आणि हवेबद्दल विचारायला लागलीस.

जुन्यासारखा म्हणजे जुन्या लेन्सने. तुला यातलं काही ऐकायचं नसतं, पण आज ऐक. त्या वेळी माझ्याकडे एन्लार्जरला, म्हणजे निगेटिव्हवरून फोटो मोठा करायच्या यंत्राला, ऐंशी मिलिमीटरची लेन्स होती. ती चौकोनी निगेटिव्हसाठी असते. माझ्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह लांबट. ऐंशीच्या लेन्सचा प्रकाश तिच्या कडांपर्यंत धड पोचत नाही. मधली माणसं खणखणीत येतात आणि कोपरे फिके होऊन बुडतात. छोट्या छपाईत ते कसंबसं खपतं. पाच फुटांवर टाउनोच्या जागी नुसता एक डाग आला असता. म्हणून मी डुलुथला गेले. तिथे एक म्हातारा आपला स्टुडिओ मोडीत काढतोय. त्याने टेबलावर तीन लेन्स मांडल्या. दीडशेची सगळ्यात सुंदर होती, पण तेवढ्या मोठ्या चित्राला भिंत साडेअकरा फुटांवर हवी. एकशे पाचच्या दोन होत्या. एक रोजच्या लहान छपाईची, दुसरी मुद्दाम मोठ्या चित्रांसाठी घडवलेली, आणि तिला आठ फूट पुरणार होते. माझी डार्करूम जेमतेम सहा फुटांची. मी म्हटलं, "एक भिंत पाडावी लागेल." म्हातारा हसला. "बाई, लोक फोटो लहान करतात. तू घर मोठं करायला निघालीस?" घासाघीस न करता मी ती दुसरी घेतली.

भिंत पाडली, आयली. तळघरातली, डार्करूम आणि वाफेची सौना यांच्यामधली. टाउनोने दोन उन्हाळे खपून बसवलेल्या सीडरच्या फळ्या मीच एकेक करून उतरवल्या. खालच्या फळीच्या पाठीवर त्याने पेन्सिलने मापं लिहिलेली आहेत आणि एक चुकलेलं माप खोडून शेजारी स्वतःलाच शिवी दिली आहे. ती फळी मी ठेवली आहे. आता एन्लार्जरचं डोकं आडवं वळवलं की चित्र सरळ सौनाच्या मागच्या भिंतीवर पडतं, जिथे आपण शनिवारी घामाघूम होऊन बसायचो आणि तो मुद्दाम निखाऱ्यांवरच्या दगडांवर जास्त पाणी ओतून आपल्याला पळवून लावायचा. एवढ्या लांबवर प्रकाश क्षीण होतो. कागदावर चार चार मिनिटं पाडावा लागतो आणि तेवढ्यात घर हललं की सगळं वाया. चाचणीचे पहिले दोन तुकडे फ्रिजच्या मोटरने घालवले. तिसऱ्या वेळी मी फ्रिज बंद केला आणि परत चालू करायला विसरले. हाकालाबाईंनी दिलेला अख्खा व्हाइटफिश मासा गेला. त्यांना सांगू नकोस.

पूर्ण कागद महाग, म्हणून लेन्स पारखायला मी आधी फक्त कोपऱ्यापुरते तुकडे लावत होते, फूटभर. मंगळवारी दुपारी तो तिसरा तुकडा औषधाच्या ट्रेमध्ये बुडवला. लाल दिव्याखाली आधी कठडा उमटला, मग दोन हात, मग तू विणलेला मफलर, कानापर्यंत गुंडाळलेला. मग तो. चेहरा माझ्या तळहाताएवढा. ओठ फुटलेले, डोळे अर्धे मिटलेले, गालांची हाडं वर आलेली. बाकीचे चौघे माझ्या कसल्याशा विनोदावर हसतायत आणि हा दोन्ही हातांनी कठडा धरून कसाबसा उभा आहे. लेन्स फार चांगली आहे, आयली. कपाळावर चिकटलेले केससुद्धा मोजता येतात.

तू सगळ्यांना सांगत आलीस, की त्या दिवशी तो धडधाकट गेला, शीळ घालत गेला. मी बावीस वर्षं मान हलवत आले. त्याला ताप होता हे मला माहीत होतं, कारण धक्क्यावर तो माझ्याकडे आला होता. मी कॅमेऱ्याचं तिकाटणं लावत होते. "मेहुणीबाई, एक काम कर. सुलोला सांग, आज मला सोडून जा. माझं अंग फुटतंय." मी म्हटलं, तूच सांग. तर म्हणाला, "मी सांगितलं तर तो वर्षभर माझी चेष्टा करेल. तुझ्यापुढे कप्तानाची बोलती बंद होते, अख्ख्या बंदराला माहितेय." मग हसला आणि म्हणाला, "घरी सांगून बघितलं. आयली म्हणाली, घरी बसून काय अंडी घालणार आहेस?"

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तुझ्या त्या वाक्यात काही नव्हतं. हेरिंग माशांच्या हंगामात आपल्या धक्क्यावरची कुठलीही बायको हेच म्हणते, आईसुद्धा म्हणायची. त्यालाही ते लागलं नव्हतं, नाहीतर त्याने हसत सांगितलं नसतं. तू त्याला पाठवलं नाहीस. त्याला थांबवणारं शेवटचं माणूस मी होते. सुलोने माझं ऐकलं असतं. त्या महिन्यात मी सांगितलं असतं तर त्याने बोटच विकली असती. पण ढगांतून जेमतेम दहा मिनिटांचं ऊन पडलं होतं आणि मला पाचही जण एका चौकटीत हवे होते. मी म्हटलं, "आधी फोटो होऊ दे, मग सांगते." तो बिचारा जाऊन कडेला उभा राहिला आणि मी वर ओरडले, "टाउनो, लटकू नकोस रे, सरळ उभा राहा!" फोटो झाला. ऊन गेलं. मी वाकून रोल बदलत होते. मान वर केली तेव्हा दोर सुटले होते आणि सुलो हात हलवत होता. मीही हलवला. संध्याकाळी वादळ आलं, बोट परत आली नाही.

तेव्हा लेन्स चुकली असं मी तुला म्हणाले, तेही खोटं. निगेटिव्ह वाळल्यावर मी ती भिंगाखाली धरली होती आणि हाच चेहरा पाहिला होता. मोठी लेन्स उसनी मिळत होती. मी मागितली नाही. ऐंशीची लावली, तो कोपरा बुडताना पाहिला आणि तसाच राहू दिला. स्वतःसाठी. तू किटली धरून बरं झालं म्हणालीस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. तुलाही तसंच वाटत होतं हे मला या मंगळवारी कळलं.

तो तुकडा या पाकिटात घालणार होते. घातला नाही. तुझ्या दारात अचानक तो चेहरा पाठवायचा मला हक्क नाही. हाकालाबाई म्हणतात, तुझ्या होकाराशिवाय समिती काही टांगणार नाही. मी तर छापणारही नाही. ऐंशीची अजून खणात आहे. तू सांगितलंस तर पुढच्या गुरुवारी तीच लावेन आणि लोकांना सवय आहे तो डाग मोठा करून देईन. पण तो एकतीस वर्षांचा होता, आजारी होता, आणि कुणीतरी त्याला घरी पाठवायला हवं होतं. बावीस वर्षं आपण दोघींनी मिळून त्याला चेहऱ्याशिवाय भिंतीवर ठेवलंय. लोक विचारतील, हा असा का दिसतो, तर मी सांगेन, माझ्यामुळे. तुझं वाक्य माझ्याजवळच राहील. हे वाचून तू पत्र घडी करून ठेवशील आणि फोनवर पुन्हा हवेबद्दल विचारशील, मला ठाऊक आहे. तरी मागते. मला एकशे पाचच्या लेन्सने छापू दे.

तुझीच,
लेम्पी