डोहाची फिर्याद

आबा, उद्या कोर्टात माझी कसोटी आहे आणि आज मला तुमच्याशीच बोलायचंय. जहाजातलं तेल सांडून इथली खाडी काळी पडली. मी मच्छीमारांची वकील. कंपनी म्हणते, जाळ्यांचे पैसे देतो, पण खाडीलाच पक्षकार करा हा तुमचा अर्ज मागे घ्या. ‘खाडी काय माणूस आहे का हो?’ असं त्यांचा वकील हसत म्हणाला. मला नाही हसू आलं. मला वेल्ह्याकडचा आपला डोह आठवला.

धरणाचं काम चालू होतं, मी सातवीत होते. देवळाखालच्या डोहातले मासे देवीचे, तिथं गळ टाकायची कुणाची टाप नव्हती. तुम्ही गुरव, नैवेद्यातला भात रोज त्यांना घालायचात. वर ओढ्यात ठेकेदाराच्या गाड्या धुतल्या जायच्या, जळकं ऑइल तिथंच सोडायचे. एका सकाळी मी कळशी घेऊन उतरते, तर पाण्यावर काळा तवंग आणि मासे पोट वर करून तरंगतायत. सगळं गाव देवळात जमतं. देवी कोपली, कुणीतरी मासा खाल्ला, कौल लावा आणि नाव काढा, असा गलका. बायका एकमेकींकडे संशयानं बघायला लागतात. तुम्ही कौलाची फुलं हातात घेतलीत आणि परत ताटात ठेवलीत.

“कौल न्हाई लावायचा. जिचं नुकसान झालं तिलाच काय इचारायचं? वरनं ऑइल येतंय, वास येत न्हाई व्हय तुमास्नी?”

पाटील म्हणाले, “आरं, आपली पोरं तितंच कामाला हायती. हाकलली म्हंजी?”

“मग मला गुरवकीवरनं काढा. पर म्या वर जानार.”

मी तुमच्या मागे मागे आले होते. ठेकेदारानं खुर्ची दिली, चहा दिला, देवीला साडी-नारळ देतो म्हणाला. वर विचारलं, डोह कुणाच्या मालकीचा? तुम्ही चहाला हात लावला नाहीत. “देवळाची जमीन सात-बाऱ्यावर देवीच्या नावानं हाय. जमीन तिची, मग पानी तिचं का न्हाई? साडी नगं. त्याल काढा.” आणि बाहेर जाऊन मातीत बसलात. दुपारी आपल्या गावची पोरं कामं टाकून एकेक करत तुमच्या शेजारी येऊन बसली, तेव्हा कुठं ठेकेदाराचा सूर बदलला. ऑइलसाठी वर खड्डा खणला, डोहातला तवंग आम्ही सगळ्यांनी पेंढा टाकून टिपून काढला. हात कितीतरी दिवस वास मारत होते. पाटील मात्र पुढं बरेच दिवस तुमच्याशी तुटक वागले, आणि आई तुमच्यावर करवादायची.

काल कोळणींना मी सरळ विचारलं, पैसे घेऊन मिटवायचं का? त्यातली वयस्कर बाई म्हणाली, “जाळी घेऊ गो, पण टाकायची कुठं?” मग मी ठरवलं. अर्ज मागे घेणार नाही. हरले तर वरच्या कोर्टात जाईन.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. देवीवर माझा विश्वास नाही, आबा. तुम्ही होतात तोवर हे बोलायची छाती झाली नाही. पण ती माणूस नसली तरी डोह तिचाच होता, हे मी उद्या भर कोर्टात सांगणार आहे.