दोन ठोके

३ नोव्हेंबर
आलो बाप्पा एकदाचा! माझ्या रांझीच्या घराला कुलूप लावून मुलाने, सुमेधने, मला दवाखान्यातून सरळ विजय नगरला, आपल्या फ्लॅटवर आणलं. लिफ्ट आहे, गीझर आहे, खिडकीत मस्त ऊन येतं. सूनबाई संपदाने ओवाळलं. नात प्रणोती म्हणते, आजोबा, अब तुम्ही बॅटरीवाले झाले! पोट धरून हसावं तर टाके दुखतात.

डाव्या खांद्याखाली काड्यापेटीएवढा फुगवटा आहे, तोच पेसमेकर. डॉक्टरची एकच तंबी: डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. आतली तार अजून पक्की बसलेली नाही. निसटली तर तुमचं हृदय स्वतःच्या जिवावर चालायचं नाही. म्हणून हात झोळीत, अन् बाकी सगळं उजव्याने. ही वही प्रणोतीने दिली. पोरीला मराठी समजते, वाचता येत नाही. तुम्ही लिहा, मी त्याच्यावरून शिकते, म्हणाली. म्हटलं, चलो, पेन आण.

६ नोव्हेंबर
पुन्हा लौकी, तीच दुधीची भाजी! संपदाला विचारलं, काहून छळून राहिली म्हाताऱ्याला? हसली, अन् आणखी एक पळी वाढली.

दुपारी डोळा लागला होता, तर भिंतीत ठक-ठक. बळीराम आठवला. कारखान्यात तो माझ्या शेजारच्या मशीनवर होता. गोंगाट इतका की हाक ऐकूच यायची नाही. म्हणून सुट्टी झाली की तो पान्याने लोखंडावर दोन ठोके द्यायचा. माझ्या उजव्या हातात काम असायचं, तर मी डावा हात वर करायचो. म्हणजे, आलो. मग दोघं सायकली काढायचो. मागच्या उन्हाळ्यात गेला बिचारा. मीच खांदा दिला त्याला.

९ नोव्हेंबर
दुपारी जाग आली तर प्रणोती पलंगाशी उभी, रडवेली. झोळी गळ्यात रिकामी, अन् माझा डावा हात सरळ वर. तिनेच धरून खाली केला. मला काही कळलं नाही, हात पार बधिर.

शेजारी कोण ठोकून राहिलं, विचारलं. संपदा म्हणाली, बाबा, त्या भिंतीपलीकडे कोणाचं घरच नाही. बाहेर नुसती मोकळी हवा आहे.

११ नोव्हेंबर
दवाखान्यात नेलं. तार थोडी सरकली आहे. डॉक्टर सुमेधवरच खेकसले. अजून जरा सरकली तर खेळ खलास. परवा संध्याकाळी भरती करून पुन्हा बसवणार, तोवर हात बांधून ठेवा म्हणाले.

सुमेधने संपदाच्या ओढणीने माझा हात पोटाशी बांधला. गाठ त्याने दोनदा ओढून तपासली. मला भीती वाटायला पाहिजे होती. वाटली नाही. आत काही हलतच नाही.

लौकी निमूट खाल्ली. संपदा माझ्याकडे बघत राहिली.

१२ नोव्हेंबर
ठक-ठक. भिंतीत नाही.

प्रणोतीला म्हटलं, कान लाव बरं. तिने माझ्या छातीला कान लावला, अन् एकदम मागे सरकली. म्हणाली, आजोबा, आतून कोणी ठोकून राहिलं. लोखंडावर.

हृदयाचेच ठोके ते, मी म्हटलं. तिला पटलं नाही. मलाही.

१३ नोव्हेंबर, दुपार
संध्याकाळी भरती. सुमेध सुट्टी टाकायला ऑफिसात गेला. संपदा गच्चीवर, कपडे— प्रणोती आंघोळीला.

ठक-ठक.

नाही येत बळीराम. मोठ्याने म्हटलं. आजवर त्याला नाही म्हटलं नव्हतं. पोरीला अजून जोडाक्षरं यायची आहेत, म्हटलं. थांब जरा.

ठक-ठक.

हाक मारतो प्रणोतीला— आवाज निघत नाही. ओढणी आहे. गाठ आहे. जशीच्या तशी.

आत हात नाही.

वर बघत नाही मी. उजव्याने लिहून राहिलो, तेवढं कळतं. प्रणोती, हे पान वाचू नको. हे—

इतक्या दिवसांनी डाव्याला काही कळलं. वर. कोणी बोटं धरली आहेत. ग्रीसने चिकट, गरम—

बळी, आ