माझ्याच तक्रारीला मी टाइप केलेलं उत्तर

परभणी,
मंगळवार

आदरणीय सिद्धोधन मामा,

तुम्हाला आणि मामींना सुकेशनीचा सप्रेम जयभीम. तिकडे ताडकळसला तुमची तब्येत बरी आहे असं धरून चालते. (फोनवर विचारलं की तुम्ही प्रत्येक वेळी बरंच आहे म्हणता, म्हणून धरून चालावं लागतं.) मामींचा खोकला गेला का ते कळवा. आईचा गुडघा तसाच आहे. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन कुठे अडलं हे तुम्ही तीनदा विचारलंत आणि तिन्ही वेळा मी ऑफिसात आहे म्हणून फोन ठेवला. आज मी ऑफिसात नाही, म्हणून सगळं लिहिते.

ऑफिसात नाही, कारण आज माझा 'खंड' आहे. अकरा महिने झाले की आम्हाला एक दिवस कामावरून कमी करतात आणि दुसऱ्या दिवशी नव्याने घेतात, म्हणजे सलग नोकरी केली असं आम्हाला कधी म्हणता येऊ नये. नऊ वर्षं मी एकाच खुर्चीत बसून डेटा एन्ट्री करते, पण कागदावर मी दरवर्षी नवीन लागते. मागच्या खंडाला साहेबांना संगणकाचा पासवर्ड लागला, तेव्हा त्यांनी रंगनाथ शिपायांना मला आणायला पाठवलं. पण कामावर नसलेल्या बाईला आत कसं घ्यायचं? मग भेटायला येणाऱ्यांच्या वहीत माझं नाव लिहिलं, कारणाच्या रकान्यात 'कामकाज' घातलं आणि संध्याकाळपर्यंत मी माझ्याच खुर्चीत पाहुणी म्हणून बसले. (त्या दिवसाचा पगार नाही. पाहुण्यांना चहा मिळतो, तो मिळाला.)

ऑफिसचं नाव लिहीत नाही, पत्र कोणाच्याही हाती पडतं. काम ऑफिसचं, पण पगार दत्तरावांच्या एजन्सीकडून येतो. रजा मागावी तर साहेब म्हणतात दत्तरावांना विचार, आणि दत्तराव म्हणतात मी कोण, साहेबांना विचारा. या दोघांच्या मधल्या जागेत आम्ही सात जण राहतो. पगाराच्या स्लिपवर मात्र लय नियमाने लिहिलेलं असतं की पीएफचे इतके कापले, विम्याचे इतके कापले. ती स्लिप बघून मला वाटायचं की आपल्यामागे काहीतरी उभं राहतंय. म्हणूनच डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तेव्हा मी आईला मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, खर्चाची काळजी करू नको, माझं विम्याचं कार्ड आहे.

दवाखान्यातल्या खिडकीवरच्या मुलीने नंबर घातला आणि म्हणाली, "ताई, चौदा महिने झाले, तुमचा एक रुपया भरलेला न्हाई. कार्ड बंद हाय." आई शेजारीच उभी होती. "काय म्हणायली ती?" मी सांगितलं, मशीन बिघडलंय, नंतर यायला सांगायली. आई म्हणाली, "मग त्या लेकराला कशाला रागवायलीस." मी रागावले नव्हते मामा. माझा चेहराच तसा झाला असेल. परत येताना रिक्षात चढवताना मला तिला अक्षरशः उचलावं लागलं.

दत्तरावांना भेटले. माणूस गोड आहे, त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "भरायचंच हाय की ताई. आमचं बिल निघू द्या." चौदा महिने माझ्या पगारातून कापलेल्या पैशाचा त्यांच्या बिलाशी काय संबंध, हे मला त्या चहात सापडलं नाही. म्हणून मी कामगार ऑफिसात माझ्या नावानिशी लेखी तक्रार दिली. सहा जणांनी सांगितलं होतं की नाव घालू नको. हे सहाही जण माझ्यासारखेच एजन्सीचे, आणि चौदा महिने त्यांचेही गेलेत.

पंधरा दिवसांनी कामगार ऑफिसचं पत्र आमच्या टपालात आलं. टपालाचे बाबू निवृत्त झाल्यापासून ते काम माझ्याचकडे आहे, म्हणून त्याला आवक नंबर मीच दिला आणि साहेबांच्या टेबलावर मीच नेऊन ठेवलं. साहेबांनी बोलावलं तेव्हा वाटलं, आता काहीतरी बोलतील, निदान ओरडतील. साहेब म्हणाले, "सुकेशनी, याचं उत्तर टाइप करून आण." आणि त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं: 'सदर महिला या कार्यालयाची कर्मचारी नसून तिचा या कार्यालयाशी कोणताही संबंध नाही.' 'संबंध' हा शब्द साहेबांनी दोनदा घातला होता, एक मी काढला. साहेबांनी वाचून सही केली आणि म्हणाले, भाषा चांगली झालीय.

त्या दिवशी रंगनाथ रजेवर, म्हणून ते पत्र द्यायलाही मलाच पाठवलं. (रिक्षाचे तीस रुपये माझे. संबंध नसलेल्या बाईचं बिल कसं काढणार?) कामगार ऑफिसात टपाल घेणाऱ्या धम्मदीप नावाच्या पोराने पत्रातलं नाव वाचलं, मग पोचेच्या वहीत पत्र आणणाऱ्याची म्हणून केलेली माझी सही वाचली.

"ताई, ह्या तुमीच का?"

"हो."

"आन उत्तर घेऊन बी तुमीच आलात?"

"हो."

त्याने शिक्का मारला, उठला आणि माझ्यासाठी पाणी आणलं. तोही एजन्सीचाच आहे, दुसऱ्या कुठल्या तरी.

सुनावणीला साहेबांना मीटिंग निघाली. म्हणाले, तू तशीही जायलीसच, तर आपल्याकडूनही तूच हजर राहा. तसं अधिकारपत्रही दिलं, तेही मीच टाइप केलं. दत्तराव आले नाहीत. तिथल्या मॅडमनी विचारलं, तक्रारदार कोण, मी हात वर केला. ऑफिसकडून कोण, पुन्हा हात वर केला. मॅडमनी चष्मा काढला. हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, पण त्या हसल्या नाहीत. विचारलं, "ऑफिसचं म्हणणं काय?" मी म्हणाले, या बाईशी आमचा संबंध नाही. "आणि तुमचं?" मी म्हणाले, नऊ वर्षांचा आहे. मॅडमनी तिथल्या तिथे लिहिलं की एजन्सीने पंधरा दिवसांत सगळं भरावं. त्या दिवशी मी आईसाठी पाव किलो जिलेबी नेली.

चौदाव्या दिवशी दत्तरावांच्या एजन्सीची मुदत संपली. नवं टेंडर त्यांच्या मेहुण्याला लागलं. दुकान तेच, खुर्च्या त्याच, चहावालाही तोच, फक्त पाटी नवी. नवी एजन्सी म्हणते, जुनं देणं आमचं नाही. दत्तराव म्हणतात, आमची एजन्सी आता राहिलीच कुठे. मॅडमनी पुन्हा नोटीस काढलीय, पण जुना पत्ता बंद म्हणून ती परत आली. म्हणजे आता नवं कार्ड, नवे हप्ते आणि मग काही महिने थांबायचं. तोवर गुडघ्यालाही थांबायला सांगितलंय. आईला मी अजूनही मशीनचंच सांगते. ती विचारते, एवढं मोठं मशीन, दुरुस्त करणारा परभणीत कोणी न्हाई का.

मामींना जयभीम सांगा.

तुमची भाची,
सुकेशनी

ता.क. पत्रासोबत एक फॉर्म आहे. आम्हाला कामावर ठेवायला नव्या एजन्सीला आमच्यापैकी प्रत्येकासाठी एका निवृत्त शिक्षकाचा किंवा अधिकाऱ्याचा दाखला लागतो, आणि आपल्या घरात निवृत्त गुरुजी तुम्हीच. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही करा आणि पत्र घेऊन आलेल्या रंगनाथांच्या हातीच परत द्या, यादी गुरुवारी बंद होते. वरचं सगळं वाचून झालं की फाडून टाका.

आणखी एक ता.क. कलम सात असं आहे: 'अर्जदारास मी लहानपणापासून ओळखतो. तिने आजवर कोणाविरुद्धही तक्रार केलेली नाही.' तिथे तुमचा पेन थांबणार हे मला माहीत आहे. मला छत्तिसावं चालू आहे मामा. त्यातली पस्तीस वर्षं तरी ते अगदी खरं आहे. तेवढ्यापुरती सही करा.