वांग्यांखालचा गॅस

६ जानेवारी
रिमोट सेन्सिंगचा ऑनलाइन कोर्स पूर्ण! सर्टिफिकेट लाखनीहून लॅमिनेट करून आणलं. जमिनीखालून गॅस झिरपला की वरची झाडं पिवळी पडतात आणि ते उपग्रहाला दिसतं. कंपन्या असाच शोध घेतात. आता मीही घेणार.

७ जानेवारी
मोबाईलवर उपग्रहाचं चित्र उघडलं. सगळं गाव लाखोरीच्या पिकानं हिरवंगार. पिवळा चौकोन एकच, तोही आमच्या घरामागच्या वाडीत, वांग्यांवर! उडीच मारली. बायकोला, रत्नमालाला, दाखवलं. म्हणाली, "वांग्यायले पाणी द्या." अज्ञान.

९ जानेवारी
वाडीत वाकून वास घेतला. आहे! शेजारच्या जनाबाईंच्या गोठ्याचा असेल, असं हिचं मत. पुन्हा अज्ञान.
बाकी, आमचं सिलिंडर दिवाळीपासून पुरतंय. माझ्या काटकसरीच्या भाषणांचा परिणाम.

११ जानेवारी
व्याही कृष्णराव, जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर. लेकीच्या, शुभांगीच्या, लग्नात चारचौघांत म्हणाले, "इवाई, शेती तं ठेक्यानं देली. तुमी करता काय?" अजून झोंबतं. त्यांना संक्रांतीला जेवायला बोलावलंय. उत्तर जमिनीतून निघेल.

१३ जानेवारी
पहार घासली. ही म्हणाली, "खोदाच्या पहिले मले इचारा तं." बायकोला विचारून जगात कोणी गॅस शोधलेला नाही.

१४ जानेवारी, सकाळी
व्याही आले, शुभांगी आली. आत वडे तळणं सुरू. मी वाडीत.

थोड्या वेळानं
गॅस लागला!!! पहार घातली, फस्स झालं, काडी लावली, निळी ज्योत! मी नाचलो. व्याह्यांनीही दोन पावलं टाकली. "मानलं, इवाई!" म्हणाले. आयुष्याचं सार्थक.

लगेच
आतून हिची हाक, शेगडी विझली. कुंपणापलीकडून जनाबाई, "माह्या गोबरगॅसचा पाइप कोनं फोडला वं?"

दुपारी
खुलासा झाला. जनाबाईंच्या गोबरगॅसचा पाइप दोन वर्षांपासून वांग्यांखालून आमच्या शेगडीला येतो. बदल्यात ही रोज त्यांचं शेण कालवते. पाइप गळत होता, म्हणून वांगी पिवळी. त्याच शेगडीवरचा चहा पीत मी कोर्स केला. व्याही हसून हसून खाटेवर आडवे. वडे चुलीवर तळले. मला धुरापाशी बसवलं.
तरी नोंद असावी, उपग्रह बरोबर होता.

१५ जानेवारी
पाइप जोडला. जनाबाईंचं शेण कालवायचं काम आजपासून माझ्याकडे, असा दोघींचा निकाल. कोपरापर्यंत हात भरलेत, म्हणून थोडक्यात लिहितो. शुभांगी निघाली तेव्हा बजावलं, सासरी कोणी विचारलं तर सांग, बाबा गॅस उत्पादनात आहेत.