भुईवर निजणारी पाखरं

१६ नोव्हेंबर २००३, रविवार

कोथरूडची खोली सोडून बावधनला आले त्याला पंधरा दिवस झाले. सामान अजून खोक्यांतच. सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर मागच्या माळावर गवताला पोट घासत चालल्यासारखा एक राखाडी पक्षी. घारीपेक्षा सडपातळ. पंख वर उचलून धरलेले, पंखांची टोकं कुळकुळीत काळी. फार तर दोन मिनिटं. मग टेकाडाआड.

घरमालकीण हिराकाकू खाली गोठ्यात होत्या. विचारलं.

"ती व्हय? थंडीतली घार. दिवाळी झाली की येती."

"राहते कुठे?"

"तितंच, गवतात. भुईला निजती."

घार आणि जमिनीवर? थट्टा करताहेत असं वाटलं. पण काकू थट्टा करणाऱ्यातल्या वाटत नाहीत.

२२ नोव्हें., शनि.

लेले काकांना फोन केला होता. (रविवारच्या पक्षी-फेऱ्यांना यांच्यामागे जाते. कारखान्यातून निवृत्त, कोथरूडला राहतात, पाखरांशी माणसांपेक्षा बरं बोलतात.) म्हणाले, "जमिनीवर झोपते म्हणजे घार नव्हे, भोवत्या. पण आपण पाहिलात, की पाहिल्यासारखं वाटलं?"

आज काका संध्याकाळी साडेपाचला आले. खडकाआड बसलो. सहाच्या सुमारास पहिला. मग तीन. मग कुठून कुठून. माळावर गोल गोल फिरतात, गवतात पाय सोडतात, पुन्हा उठतात, पुन्हा फिरतात. जागा पसंत पडली की टपकन खाली आणि दिसेनासे. राखाडी ते नर. तपकिरी, शेपटीपाशी पांढरा पट्टा, त्या माद्या. मोजले: सतरा.

काकांनी पाच मिनिटं दुर्बीण डोळ्यावरून काढली नाही. मग एवढंच, "कझाकस्तानच्या बाजूने येतात हो हे. गवतातून गवतात." आणि निघताना, "कुणाला सांगू नका." मी हो म्हटलं.

(यापुढे भो. लिहीन. भोवत्या लिहायला वेळ लागतो.)

२ डिसें., मंगळ

अडचण अशी की ऑफिसची बस मला साडेसातला हायवेला सोडते. तोवर अंधार. म्हणजे शनिवार-रविवारच काय ते. काकूंना म्हटलं, तुम्ही मोजाल का? "मला कुठं लिवता येतंय." मग त्यांनीच युक्ती काढली. एक पाखरू बसलं की एक चिंचोका ओटीत. आज घरी आले तर जिन्यावर वाटी. एकोणीस चिंचोके.

"एक आडवा-तिडवा गेला, त्यो धरला न्हाई," म्हणाल्या. लेले काकांना आवडेल हे.

७ डिसें., रवि.

दुपारी भो. नसताना गवतात शिरले. काकू पुढे, मी मागे. कमरेएवढं गवत, आणि मध्येच ताटाएवढ्या दबलेल्या जागा. प्रत्येकाची आपली आपली. आजूबाजूला पांढरी शीट आणि अंगठ्याएवढ्या राखाडी गोळ्या. पचत नाही ते भो. असं ओकून टाकतात. चार गोळ्या रुमालात बांधून आणल्या.

खोलीत पेपरवर सुईने सोडवत बसले. नाकतोड्यांच्या तंगड्या, ढीगभर. उंदराचे केस. एक इवला जबडा, दातांसकट. काकू दारात उभ्या. "शी! जेवतीस तितं?" पाच मिनिटांनी चष्मा घेऊन आल्या आणि शेजारी मांडी घालून बसल्या. तिसरी गोळी त्यांनीच सोडवली.

विचारलं, गवत पूर्वीपासून असंच? म्हणाल्या, छे. अकरा जनावरं होती तेव्हा संक्रांतीपर्यंत सगळं कापून संपायचं, पाखरं असायची ती दोन-चार. नवरा गेला, जनावरं गेली, दोन म्हशी राहिल्या. आता कापायचं कुणासाठी? मुलगा नांगरत नाही, कारण जमीन विकायची आहे.

म्हणजे विकायला काढली म्हणून नांगर नाही, नांगर नाही म्हणून गवत, गवत म्हणून भो. हे डोक्यातून जात नाहीये.

आईचा अकोल्याहून फोन. "पक्षी पाह्यतं म्हने! पोरगा पाह्य आता एखांदा."

१२ डिसें., शुक्र.

ऑफिसात चार वाजता सगळ्यांना मोठ्या हॉलमध्ये बोलावलं. पडद्यावर नवीन कॅम्पस. काचेची इमारत, कारंजं, झाडं (कुठली ते चित्रावरून कळेना). मग नकाशा. हायवे, नाला, टेकाड. टेकाडाखाली करड्या रंगाचा चौकोन: बस पार्किंग, दुसरा टप्पा.

टेकाड ओळखलं. मी रोज सकाळी बघते ते.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. हात आपोआप…

१४ डिसें., रवि.

काकूंचा मुलगा संदीप अंगणात गाडी धूत होता. पस्तिशीचा. इथल्या बऱ्याच जमिनींचे व्यवहार तोच जुळवतो. सरळच विचारलं, माळ विकताय का.

"बोलणं चाललंय. मॅडम, तुमचीच कंपनी हाय की! तुमास्नी बरंच हाय. घरातून निगालं की ऑफिस."

"आणि ते पक्षी?"

हसला. वाईट नाही हसला. "पाखरांना पंख हायेत मॅडम. आमाला न्हाईत. माझी दोन पोरं हायेत इंग्लिश मीडियमला."

मी कोथरूडला राहत होते ती जागापण कधीतरी माळच असणार.

जमीन काकूंच्या नावावर आहे. त्यांची सही लागेल. काकू सगळं ऐकत होत्या. म्हशीला पाणी दाखवलं आणि आत गेल्या.

१८ डिसें., गुरु.

दोन तास ऑफिसात बसून ईमेल लिहिली, पक्षिमित्रांच्या ग्रुपला. जागा, वेळ, आकडे, कसं यायचं ते. लोकांनी पाहिलं तर लोक बोलतील, असा हिशोब. लेले काकांना आधी विचारायला हवं होतं का? नाही म्हणाले असते. म्हणूनच नाही विचारलं.

पाठवली.

२१ डिसें., रवि.

लिहवत नाही. तरी लिहिते.

पाचला पहिली गाडी. साडेपाचपर्यंत अकरा. मोटरसायकली वेगळ्या. लांब लेन्स, तिवया, डबे, थर्मास, एक लहान मूल लाल टोपी घालून. मी सांगत होते, खडकाच्या अलीकडे थांबा. सुरुवातीला ऐकलं. पहिला भो. खाली बसला आणि दोघे जण वाकून गवतात शिरले. त्याला उठवून फोटो काढायला. मग इतर. माणसं वाईट नव्हती, मला "थँक्यू" म्हणत होती. सगळे भो. वर फिरत राहिले. अंधारेपर्यंत फिरत होते. शनिवारी तेवीस होते. आज बसले पाच. बाकीचे कुठे गेले?

लेले काकांचा फोन. कुणीतरी कळवलं असणार. "अभिनंदन. जत्रा चांगली भरली म्हणे." मी रडायला लागले. मग म्हणाले, "अहो, मी पण एकदा केलंय हे. पाषाणला. रडू नका. उद्यापासून काय करायचं ते बघू."

२२ डिसें., सोम.

वाटीत दोन चिंचोके.

काकूंनी चहा दिला, पण जिन्यावर ठेवून गेल्या. शेवटी मीच खाली गेले. "तू बोलावलंस त्यांना?"

"हो."

"कशापायी? मला सांगायचंस. माळ माजा हाय."

खरंच की. महिनाभर त्यांच्या माळावर बसतेय आणि त्यांना विचारायचं मला सुचलंच नाही. ग्रुपला लिहून कळवलं, कृपया कुणी येऊ नये. दोघांनी उलट उत्तरं पाठवली: पक्षी काय तुमच्या मालकीचे?

२८ डिसें., रवि.

काल-आज काकू चार वाजल्यापासून रस्त्याच्या तोंडाशी खाट टाकून बसल्या, हातात काठी. गाड्या आल्या तशा परत. एक जण म्हणाला, आजी, आम्ही पक्षीप्रेमी आहोत. "मंग लांबनं प्रेम करा," म्हणाल्या. लेले काका शेजारी खुर्चीवर होते. इतके हसले की खोकला लागला.

बसले: बारा. परत येताहेत. रस्ता कसा लक्षात ठेवतात, राग कसा विसरतात, काहीच कळत नाही.

१० जाने. २००४, शनि.

दुपारी तीन. जमीन मोजणारे आले होते, संदीपने बोलावलेले. सोबतच्या मजुरांनी तीन दगडांची चूल मांडून भात टाकला. वारा होता. मी गच्चीवर होते. आधी वास, मग काळा लोट.

धावले. काकू माझ्या आधी पोचलेल्या. फांद्या तोडून झोडपत होतो. गवत इतकं वाळलेलं की आग धावायची, आपण तिच्यामागे. संदीप आला. आग गोठ्याकडे येतेय म्हणून आला असेल. पण गोठ्याची बाजू विझल्यावरही थांबला नाही. शर्ट काढून, पोत्याला पाणी मारून, टेकाडाच्या अंगाने एकटा झोडपत गेला. भुवया जळल्या त्याच्या. पाचला सगळं शांत. खालचा अर्धा माळ काळा, वरचा शाबूत.

चौघे-पाचजण तिथेच बसलो. काकूंनी तांब्याने सगळ्यांना पाणी दिलं, मजुरांनापण.

सहाला भो. आले. जळक्या भागावर खूप वेळ फिरले. एक नर तर धूर निघत होता तिथे उतरला आणि काहीतरी उचलून उडाला. भाजलेला नाकतोडा? मग वरच्या अर्ध्यात बसले. चौदा. मी मोजताना संदीप मागे उभा होता. त्याचे हात भाजलेत म्हणून काकूंनी त्याला घरात बोलावून नेलं.

२६ जाने., सोम.

सुट्टी. जमीन घेणाऱ्यांचा माणूस पेढे घेऊन आला. कागद तयार. ओसरीवर संदीप, तो, काकू. मला जायला हवं होतं, पण काकू म्हणाल्या बस.

काकूंनी कागद मला वाचायला लावला. वाचला. मग म्हणाल्या, "आता न्हाई सही. पुढची दिवाळी होऊ द्या."

माणूस म्हणाला, "आजी, तोवर भाव राहील का?"

"न्हाई ऱ्हायला तर न्हाई."

संदीप पेटला. "आई, चार पाखरांपायी?"

"पाखरांपायी न्हाई. मला बगायचंय."

"काय बगायचंय?"

"अर्दा माळ जळला. तरी ती माघारी येत्यात का, ते."

एवढंच. साठ वर्षांत त्यांनी असं, नुसतं बघायचंय म्हणून, काही मागितलं असेल का? माणूस पेढे ठेवून गेला. जाताना म्हणाला, पलीकडच्या गावातही जागा आहेत. धमकी होती की सुटका, कळलं नाही.

संदीप तेव्हापासून आईशी बोलत नाही. हे माझ्यामुळे. हिराकाकू म्हणतात, "तुज्यामुळं न्हाई. माज्यामुळं." तरी.

७ मार्च, रवि.

काल होळी. पोरं माळावरचं गवत न्यायला आली, काकूंनी पाठवली परत. आज धुळवड. बसले: नऊ. निघायला लागलेत. नर आधी जातात म्हणे.

ऑफिसात कळलं: पार्किंगची जागा "विचाराधीन". म्हणजे काय ते कुणालाच माहीत नाही.

जळक्या भागात हिरवे कोंब आलेत. लेले काकांनी गुडघ्यावर बसून पाहिले. म्हणाले, "पाऊस बरा झाला तर दिवाळीपर्यंत कमरेला येईल." मी विचारलं, आणि भो.? "त्यांचं मला विचारू नका. मी चाळीस वर्षं बघतोय, मला काही कळत नाही."

२८ मार्च, रवि.

ऊन चढलंय. गेले चार दिवस एकच. मादी.

साडेसहाला खडकापाशी मी आणि काकू. मागून पावलं. संदीप. येऊन थोडा लांब बसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा आईच्या इतक्या जवळ. काकूंनी मान वळवली नाही, पण पदर सारून जागा केली.

"किती हायेत?" त्याने मला विचारलं.

"एक. उद्या तीही जाईल बहुतेक."

"कुटं?"

सांगितलं. वाळवंटं, डोंगर, बर्फ. त्याने बोटाने जमिनीवर रेघ ओढली, बराच वेळ तिच्याकडे बघत होता.

"एवढ्या लांबनं. मग हितंच का?"

"माहीत नाही, दादा."

"तुमाला बी न्हाई?"

"कुणालाच नाही."

मादी आली. माळावर एक फेरी, दुसरी. आमच्या डोक्यावरून इतकी खालून गेली की पिसांचा आवाज ऐकू आला. काकू हळूच म्हणाल्या, "बस की गं." तिसरी फेरी टेकाडाच्या अंगाने. उजेड जवळजवळ संपलेला. एकदा पाय सोडल्यासारखे वाटले.

बसली की पुढे गेली, तिघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही. संदीप उठून उभा राहिला, नीट दिसावं म्हणून.