जावयासाठी ऊन पाणी

६ ऑक्टोबर १९५७, रविवार
देहूरोडच्या लिलावातून जुना रेफ्रिजरेटर आणला. बर्फ करणार का, शेजाऱ्यांनी विचारलं. अडाणी. अहो, हा पंप आहे. पेटीतली उष्णता ओढतो आणि मागच्या नळ्यांतून बाहेर टाकतो. नळ्या पाण्याच्या पिंपात बुडवायच्या, पेटीचं दार उघडं ठेवायचं. खोलीतली ऊब पाण्यात. अख्ख्या चिंचवडात हे फक्त मला सुचलं. मुलीचा पहिला दिवाळसण आहे. नरकचतुर्दशीला जावई याच पाण्याने न्हातील. ते खडकीला वायरमन आहेत. सासरा काय चीज आहे, बघू देत.

९ ऑक्टोबर
नळ्या पिंपात बसवल्या. तांब्याचा बंब मोडीत दिला. सुभद्रा म्हणाली, आधी पाणी तापू तरी द्या. बायकांना धुराची सवय झाली की प्रगती सोसत नाही.

१३ ऑक्टोबर, सकाळी ६
यंत्र दोन मिनिटं गुरगुरलं आणि गप्प बसलं. पाणी गार. बटणाच्या एका टोकाला 'कमी गार', दुसऱ्या टोकाला 'जास्त गार'. आपल्याला ऊन पाणी हवं, म्हणून मी 'कमी गार'वर ठेवलं आहे. यात चुकण्यासारखं काही नाही. दोष करंटचा.

१६ ऑक्टोबर
दूधवाला सोनबा म्हणाला, "राव, पेटी गार झाल्याबिगर नळ्या तापायच्या कशा? खटका उलटा फिरवा की." म्हशी वळणाऱ्याने मला थर्मोस्टॅट शिकवावा! उद्यापासून दुसरा दूधवाला.

१८ ऑक्टोबर
दुसरा पाणी घालतो. पुन्हा सोनबा. पण बोलायचं नाही.

२० ऑक्टोबर
सुभद्रा म्हणते, चुलीवर हंडा ठेवते. सक्त मनाई केली. घरात यंत्र असताना चुलीचं पाणी दिलं तर जावयासमोर अब्रू काय राहील?

२१ ऑक्टोबर
मुलगी-जावई आले. ज्योतीराम यंत्राभोवती फिरले, वाकले, "मामा, हे बटण..." म्हणाले. म्हटलं, सणाला आलात, हातपाय हलवू नका. हात मागे घेतला. संस्कारी आहेत.

२२ ऑक्टोबर, पहाटे ४.३०
तेल-उटणं झालं. पहिला तांब्या अंगावर पडला. ज्योतीरामांचे दात वाजले. गार पाण्याने रक्त सळसळतं, असं मी बाहेरून समजावलं. मुलगी माझ्याशी बोलत नाही.

२३ ऑक्टोबर
जावई शिंकताहेत. संध्याकाळी गणपतीचं दर्शन घेऊन आलो, तर पिंपातलं पाणी कढत! बटण 'जास्त गार'कडे. कोणी फिरवलं, विचारलं नाही. माझ्या चाचण्या अखेर फळल्या, असं जेवताना जाहीर केलं. सगळे पानाकडे बघत होते.

२४ ऑक्टोबर, पाडवा
जावई रुसून बसले. दिवाळसणाला रुसायचंच असतं. त्यासाठी मी पेन आणून ठेवलं होतं. सुभद्राने विचारलं, काय हवं? ज्योतीरामांनी नुसतं यंत्राकडे बोट दाखवलं. मला न विचारता ती म्हणाली, "न्या की, तुम्हालाच चालवता येतं." सोनबाची बैलगाडी दाराशी उभीच होती. सोनबा म्हणाला, "राव, जरा हात लावा." लावला.

गाडी निघाली तेव्हा सुभद्रा मला पाडव्याचं तेल लावत होती. ती अर्ध्यात उठून मुलगी-जावयाला पोचवायला गाडीमागे वेशीपर्यंत गेली. मी एका खांद्याला तेल लावून ओट्यावर बसलो आहे. पाणी तापवायचा हंडा कुठे आहे, ते तिलाच ठाऊक.